दोन समुद्रांच्या मधोमध

नागपूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी जाम, हिंगणघाट, वडनेर मागे टाकते आणि पोहण्याजवळ वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरते. मग वडकी, करंजी आणि पांढरकवडा. तिथून वीसेक किलोमीटरवर पाटणबोरी, पुढे पिंपळखुटीचा तपासणी नाका, आणि लगेच पैनगंगेचा पूल. पुलापलीकडे पाट्यांवरची अक्षरे गोल होतात, तेलंगणा सुरू होतो. पूर्वी वाराणसी ते कन्याकुमारी जाणाऱ्या सात क्रमांकाच्या महामार्गाचा हा भाग होता, आता तो श्रीनगर ते कन्याकुमारी या ४४ क्रमांकाच्या महामार्गात मोडतो. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या या रस्त्यावर पांढरकवड्याला मुद्दाम उतरणारे थोडेच. बरेचसे प्रवासी चहा, आलूबोंडा एवढ्यापुरते थांबतात. विदर्भातला शेवटचा आलूबोंडा म्हणून तो खायला हरकत नाही, पलीकडे इडलीचे राज्य आहे.

पांढरकवडा हे तालुक्याचे ठिकाण, पण तालुक्याचे नाव केळापूर. केळापूर हे शेजारचेच लहान गाव, जगदंबेच्या देवळामुळे दूरवर माहीत असलेले. नवरात्रात तिथे यात्रा भरते आणि नदीपलीकडूनही भाविक येतात. कचेऱ्या, कोर्ट, बाजारपेठ, जिनिंग मात्र सगळे पांढरकवड्यात. गाव खुनी नदीच्या काठी वसले आहे. उन्हाळ्यात या नदीकडे पाहून तिचे नाव कुणालाही अतिशयोक्त वाटेल. जुलैत एखादी झड लागली की मग वाटत नाही. खुनीचे पाणी पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे पांढरकवड्याच्या पन्हाळीवरून ओघळलेला थेंब शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोचतो.

सीमा म्हटली की डोळ्यांपुढे रेघ येते. इथे ती रेघ पैनगंगेने आखून दिली आहे आणि ती बरीच जुनी आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तेव्हापासून नदीच्या उत्तरेला इंग्रजी अंमल आणि दक्षिणेला निजामाचे राज्य. उत्तरेकडे कलदार रुपया, दक्षिणेकडे हाली शिक्का. माल पलीकडे न्यायचा तर निजामाच्या करोडगिरी खात्याला जकात द्यावी लागे. गंमत अशी की वऱ्हाड कायदेशीरदृष्ट्या निजामाचाच राहिला होता. १९०२ च्या करारानुसार वर्षाला २५ लाख रुपये खंडाने तो इंग्रजांना कायमचा भाड्याने दिला गेला. त्या काळी हा जिल्हा वणी नावाने ओळखला जाई, यवतमाळ हे नाव १९०५ च्या फेररचनेनंतरचे. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पलीकडचा आदिलाबाद हैदराबाद संस्थानातून आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात. राज्ये बदलली, नदीवरची रेघ जागची हलली नाही. पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात मात्र चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तिथल्या माणसांची नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत असतात. तिथे डोंगर आहे. नदीसारखी सरळ साक्ष डोंगर देत नाही.

तरीही या भागाचा भूगोल समजून घ्यायचा असेल तर पैनगंगेच्या पुलावर उभे राहून फारसे काही हाती लागत नाही. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तीच पऱ्हाटी, तेच सागवान. खरा बदल उत्तर-दक्षिण होत नाही, तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना होतो, आणि तोही पायांखाली.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, पठारावर आहे. तिथून आग्नेयेला पांढरकवड्याकडे येताना जमीन हळूहळू दोनेकशे मीटर उतरते. हा सगळा टापू दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्ह्याचा. झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डी भागात रस्त्याच्या कामात याच पाषाणाचे बहुकोनी खांब उघडे पडले. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो, त्याला पाच-सहा कोनी भेगा पडतात, आणि त्या वरून खालपर्यंत गेल्या की खडकाचे खांब तयार होतात. विदर्भात असे खांब क्वचितच दिसतात.

आणखी पूर्वेला सरकले की लाव्ह्याची ही चादर विरत जाते आणि खालचे जुने खडक डोके वर काढतात. मुकुटबन, राजूर, वणी या बाजूला चुनखडक लागतो. भूशास्त्रज्ञ या खडकसमूहाला पैनगंगेचेच नाव देतात आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक मानतात. राजूरच्या चुनाभट्ट्या या चुनखडकावर पेटल्या. मुकुटबनचा सिमेंट कारखाना त्याच्यावरच उभा आहे. पलीकडे आदिलाबादला केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सिमेंटचा कारखाना काढला तोही याच दगडासाठी; तो कित्येक वर्षांपासून बंद पडून आहे. वणीच्या आसपास आणखी एक वेगळा थर भेटतो, गोंडवन काळातला कोळशाचा. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आणि काळ्या धुळीने माखलेले रस्ते ही त्याची वरची खूण. पांढरकवडा ते वणी हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरच, पण तेवढ्यात लाव्हा, कोळसा आणि चुनखडक असे तीन निरनिराळे कालखंड येऊन जातात. शाळेच्या सहलींना वेरूळ-अजिंठा दाखवतात ते योग्यच. भूगोलाच्या मास्तरांनी एकदा पोरांना या रस्त्यानेही फिरवून आणावे.

खडक बदलला की विहिरीचे पाणीही बदलते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी या पूर्वेच्या तालुक्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. खडकातली फ्लोराइडयुक्त खनिजे पाण्यात झिरपतात आणि बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा त्या खडकाशी सहवास जास्त. पाणी दिसायला नितळ, चवीला बरे. वर्षानुवर्षे ते प्यायल्यावर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि कणा आखडतो. हातपंप आला तेव्हा गावात गंगा आली असे सगळ्यांना वाटले होते. उथळ विहिरीचे पाणी गढूळ म्हणून सोडले, आणि खोलचे पाणी हाडांना लागले.

आता हवेकडे वळू. पांढरकवडा विसाव्या अक्षांशाला जवळजवळ चिकटून आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला, पक्क्या उष्ण कटिबंधात. इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा २०-२१ मेच्या सुमारास, दुसऱ्यांदा २३ जुलैच्या आसपास. त्या दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. दोन्ही वेळी सूर्य तोच, त्याची उंची तीच, दिवसाची लांबी जवळपास सारखीच. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जुलैत तो तीस-बत्तीसच्या पुढे सरकायला तयार नसतो. जुलैतला शून्य सावलीचा दिवस इथल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो, कारण तो ढगांआड होऊन जातो.

मे इतका तापतो याची कारणे साधी आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही इथून पाचशे-सहाशे किलोमीटरवर आहेत. कोकणात दुपारी खारा वारा येऊन ऊन सौम्य करतो, तशी सोय इथे नाही. एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून येणारा कोरडा वारा सोबत आणखी ऊनच घेऊन येतो. काळी जमीन ते शोषते, आणि यवतमाळच्या पठारापेक्षा हा भाग सखल असल्याने पारा एखाद-दीड अंश चढाच राहतो. मेच्या शेवटी सूर्य रोहिणीत गेला की नवतपा सुरू होतो. मग सकाळी दहानंतर बाजार ओस, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि घराघरांत वाळ्याच्या ताट्या लावलेले कुलर. या कोरड्या हवेतच कुलर चालतो. पाणी झपाट्याने उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र नुसताच ओला वारा देते, म्हणून विदर्भाबाहेरच्या पाहुण्याला त्याचे कौतुक कळत नाही.

नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला, असे जुनी माणसे अजूनही म्हणतात. या म्हणण्यावर विसंबून पेरणी करणारा कास्तकार आता विरळा.

पाऊस येतो साधारण जूनच्या मध्याला, आणि इथला बराचसा पाऊस पूर्वेकडून येतो हे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला पटकन उमगत नाही. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीवर ओझे उतरवतात, मराठवाडा त्याच्या पर्जन्यछायेत कोरडा राहतो, आणि विदर्भापर्यंत येईतो त्यांच्यात दम उरत नाही. मदतीला येतो तो बंगालचा उपसागर. तिथे कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून पश्चिमेला सरकतात आणि वाटेत विदर्भाला भिजवतात. त्यामुळे सह्याद्रीजवळ जे गणित असते ते इथे उलटे होते. जितके पूर्वेला जावे तितका पाऊस वाढतो. बुलढाण्याला वर्षाला ७००-८०० मिलिमीटर, गडचिरोलीला १३०० च्या पुढे, आणि यवतमाळ जिल्हा या दोहोंच्या मध्ये, साधारण ९०० ते ११००. जिल्ह्याच्या आतही हाच कल दिसतो. दारव्हा-बाभूळगावकडे कमी, वणीकडे जास्त.

हजार मिलिमीटर हा आकडा वाईट नाही. पुण्याला याहून कमी पाऊस पडतो. अडचण आकड्यात नसून वाटणीत आहे. वर्षाच्या पावसातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातही मोजक्या दिवसांत. उपसागरात एकामागून एक पट्टे तयार झाले तर झड लागते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, काळ्या चिखलातून बैलाचा पाय निघत नाही. पट्टे झालेच नाहीत तर पंधरा-वीस दिवस आकाश कोरडे. जूनमध्ये एक सर पडली, पेरले, आणि मग पावसाने पाठ फिरवली की दुबार पेरणी. बियाणे दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, उसनवारीही दुसऱ्यांदा. आणि दुसऱ्या टोकाला २२ जुलै २०२३ चा दिवस. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि तिथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. ज्या तालुक्यांत मे महिन्यात टँकरची वाट पाहतात त्याच तालुक्यांत हे घडते. लाव्ह्याचा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. काळी माती एकदा फुगली की तिच्या भेगा मिटतात आणि उरलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी पैनगंगेकडे धावते. पैनगंगा आधीच भरलेली असली तर उपनद्यांना तोंड उरत नाही, त्या मागे फुगतात.

या हवेचे पीक म्हणजे कापूस. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून सिंचन नसतानाही पऱ्हाटी दिवाळीपर्यंत तग धरते. वावरात सोबतीला तुरीची तास असतेच. पहिल्या वेचणीच्या आधी बायका शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवतात. पण हवा बिघडली तर हेच पीक जिवावर उठते. २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर वाढली होती, कीड पडली होती, हवा दमट आणि कोंदट होती. फवारणी करायची ती वरच्या दिशेने, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. घामाने ओल्या झालेल्या कातडीतून औषध आत गेले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले आणि विसाच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची चर्चा बहुतेक औषधांच्या अंगाने झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या मोसमाच्या हवेची चर्चा मात्र फारशी कोणी केली नाही.

पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे जाताना टिपेश्वर अभयारण्याची हद्द जवळ येते. सुन्ना आणि माथनी ही त्याची प्रवेशद्वारे. टिपाई देवीवरून नाव पडलेले हे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले आणि त्याचा आकार अवघा १४८.६३ चौरस किलोमीटर. सागाचे पानझडी जंगल, मधे गवताळ पट्टे, टेकड्यांतून वाहणारे झरे. मार्चमध्ये पाने गळून गेल्यावर डोंगर उघडे पडतात, पळस फुललेला असतो, आणि जनावर पाण्याच्या आसऱ्याला येते. वाघ पाहायला लोक ऐन एप्रिल-मेच्या भट्टीत का येतात याचे उत्तर तेच: हवामान. पाणवठे आटले की उरलेल्या पाण्याभोवतीच सगळ्यांची ये-जा होते.

एवढ्याशा जंगलात वाघांची संख्या वाढली, तेव्हा तरुण नरांना बाहेर पडणे भाग होते. त्यांतला एक २०१९ मध्ये इथून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. शेते, नाले, रस्ते ओलांडत, मध्येच तेलंगणाच्या हद्दीत डोकावत, तीन हजार किलोमीटरहून अधिक चालून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. ‘वॉकर’ या नावाने तो जगभरच्या बातम्यांत झळकला. रात्री तो चालायचा बहुधा नाल्यांच्या आणि धुऱ्यांच्या आडोशाने, म्हणजे शेतकरी ज्याला पडीक म्हणतात त्या पट्ट्यांमधून. तेलंगणाच्या कवाल व्याघ्र प्रकल्पाशी टिपेश्वरचे नाते याच पट्ट्यांनी आणि पैनगंगेच्या कोरड्या पात्राने जोडलेले आहे. नाण्याची दुसरी बाजूही याच भागाने पाहिली. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण, जिला वर्तमानपत्रांनी अवनी म्हटले, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळी घालून मारली गेली. मुंबई-दिल्लीत तिच्यासाठी मोर्चे निघाले. बोराटीच्या आसपासच्या गावांत लोक पुन्हा कापूस वेचायला वावरात उतरले.

जंगलाच्या कडेने कोलामांचे पोड आहेत. गावापासून थोडे दूर, उंचवट्यावर, मोजकी घरे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, आणि त्यांची कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. गोंडही इथे आहेत, नदीच्या दोन्ही काठांवर, आणि सोयरिकी दोन्हीकडे. निजामाचा अंमल, इंग्रजांचा अंमल, नंतरची राज्ये यांतले काहीही त्या सोयरिकी तोडू शकले नाही. आदिलाबादच्या बाजारात मराठी सहज चालते आणि पाटणबोरीच्या बाजारात तेलुगू. १९५६ मध्ये भाषेवरून राज्ये आखली तेव्हा आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी म्हणून इकडे आले. तरी उरलेल्या आदिलाबादेत मराठी बोलणारी गावे राहिलीच.

पाणी मात्र वाटून घ्यावे लागते. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी गोदावरी खोऱ्यातल्या तीन बंधाऱ्यांचा करार केला. त्यातला एक चनाखा-कोरटा. चनाखा केळापूर तालुक्यातले, कोरटा समोरच्या काठावरचे, मधे पैनगंगा. वरच्या अंगाला निम्न पैनगंगा प्रकल्प दोन्ही राज्यांचाच, आणि तो कित्येक वर्षे रखडलेला, कारण त्यात बुडणाऱ्या गावांचा विरोध थांबलेला नाही. काठावरचा कास्तकार दोन्ही सरकारांची तुलना करतो ती विजेवरून. तेलंगणाने जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज दिली, तेव्हा इकडचे लोक रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला उठत होते. नदी एकच, पाणी एकच, आणि पंप चालू व्हायची वेळ वेगळी.

ज्यांना हा भाग निवांत पाहायचा आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावा. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, दुपार सुसह्य असते, कापसाच्या गाड्या जिनिंगसमोर रांगेत असतात. यवतमाळहून एसटीने सत्तरेक किलोमीटर, नागपूरहून दीडशेच्या आसपास. रेल्वेने यायचे तर मुंबई-नांदेड-आदिलाबाद मार्गे धावणारी नंदीग्राम एक्सप्रेस वणीवरून जाते आणि पिंपळखुटीजवळ सीमा ओलांडते. पावसाळ्यात टिपेश्वर बंद असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचे ठरवले तर गारपिटीची शक्यता गृहीत धरावी. २०१४ मध्ये याच दिवसांत विदर्भ-मराठवाड्यातला काढणीला आलेला गहू आणि हरभरा गारांनी झोपवला होता. आणि मे महिन्यात आलात तर दुपारी बारा ते चार गावात कुणाकडे काम काढू नका. कचेरी उघडी असेल, पण ज्याला भेटायचे तो कुलरसमोर असेल.